रोजच्या कामाला हलका, चांगल्यातला लॅपटॉप: मॅकबुक एअर घ्यावा की बाकीचे?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळंच लिहिते. सध्याचा लॅपटॉप नऊ वर्षांचा झालाय, चार्जरसकट अडीच किलोच्या वर जातो. त्यावर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ह्या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही, म्हणजे आता बदलणं भागच आहे. त्यात वर्षभर उजवा खांदा दुखतोय आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो बॅगेच्या वजनाचा.

काम अनुवादाचं. दिवसाचे आठ-नऊ तास टायपिंग, दोनशे-तीनशे पानांच्या वर्ड फाइल्स ट्रॅक चेंजेससकट, बाजूला पीडीएफ, ब्राउझरमध्ये तीसेक टॅब कायम उघडे, दिवसातून एक-दोन व्हिडिओ कॉल. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. घरी टेबलावर एक २४ इंची साधा फुल एचडी मॉनिटर आहे तो जोडते, बाहेर असले की मांडीवर किंवा मिळेल त्या टेबलावर. हा लॅपटॉप निदान सहा-सात वर्षं चालायला हवा.

यादी अशी झालीय: मॅकबुक एअर एम४ (१३ इंची), थिंकपॅड एक्स१ कार्बन जेन १३, झेनबुक एस १४ आणि सरफेस लॅपटॉप ७. गेले दोन आठवडे रिव्ह्यू बघतेय आणि प्रत्येकात तेच, गीकबेंचचे (वेग मोजायच्या चाचणीचे) आकडे आणि फोरके व्हिडिओ एक्स्पोर्टला किती मिनिटं लागली. मला एक्स्पोर्ट करायचंच नाहीये हो. रोज आठ तास ज्याच्यासमोर बसायचंय ते यंत्र कसं पारखायचं हे कुणी सांगत नाही. ज्यांनी हे वापरलेत त्यांनी कृपया सांगा, कशात काय खटकतं आणि कशात काय सुखाचं आहे.

रानवाट:
तुमच्या कामाला ह्या चारातला कुठलाही प्रोसेसर पुरून उरेल, त्यामुळे स्पीड हा विषय यादीतून काढूनच टाका. वर्ड आणि तीस टॅबला एम४ असो नाहीतर इंटेलची कोअर अल्ट्रा २०० व्ही सिरीज, तुम्हाला फरक जाणवणार नाही. फरक जाणवतो तो बोटांना आणि डोळ्यांना.

आठ तास टायपिंग म्हणताय म्हणून कीबोर्डपासून सुरू करतो. की दाबल्यावर किती खाली जाते ते बघा. एअरची साधारण १ मिलिमीटर जाते, झेनबुक एस १४ ची त्याच्या किंचित वर, सरफेसची १.३ च्या आसपास आणि एक्स१ कार्बनची १.५. ऐकायला अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण उथळ कीबोर्डवर बोट तळाला आपटतं आणि दिवसभरात ते पंचवीस-तीस हजार वेळा आपटतं. मी एक्स१ वर रोज लिहितो आणि संध्याकाळी बोटं ताजी असतात एवढं खात्रीने सांगतो. अर्थात सवयीचा भाग मोठा आहे, एअरच्या कीबोर्डवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिणारे लोक आहेत, आणि २०२० मध्ये तो जुना बटरफ्लाय कीबोर्ड काढून टाकल्यापासून एअरचा कीबोर्ड चांगलाच सुधारला आहे.

अजून एक बारीक गोष्ट, जुन्या थिंकपॅडवर डाव्या कोपऱ्यात एफएन असायचं आणि कंट्रोल त्याच्या आत, त्यामुळे कॉपी-पेस्ट करताना लोक वैतागायचे. २०२४ पासून कंट्रोल कोपऱ्यात आलंय, त्यामुळे जुने रिव्ह्यू वाचून घाबरू नका.

मग स्क्रीन. एक्स१ घेतलात तर आयपीएस मॅट (न चकाकणारा) पॅनेल मिळतो, मागे खिडकी किंवा डोक्यावर ट्यूबलाइट असली तरी अक्षरं दिसतात. एअर आणि झेनबुक दोन्ही चकचकीत, फोटो बघायला सुरेख, पण दुपारी खिडकीजवळ बसलात की फाइलच्या आधी स्वतःचा चेहरा दिसतो. आणि वजन, एक्स१ जेन १३ एक किलोच्या जरा आत सुरू होतो, झेनबुक १.२, एअर १.२४, सरफेस १.३४. खांद्याचा विषय आहे म्हणून हे सांगतोय, हातात घेतल्यावर पाव किलोचा फरक लगेच कळतो.

खडूफळा:
रानवाट, कीबोर्डचं म्हणणं मान्य, पण एअरवर अन्याय करू नका. मी शिकवते, दिवसभर वर्ग आणि संध्याकाळी पेपर तपासणं, गेली साडेतीन वर्षं एम२ एअर वापरतेय. ह्या यंत्रात जे सुख आहे ते कुठल्याही आकड्यात दिसत नाही. झाकण उघडलं की चालू, बंद केलं की झोपला. शुक्रवारी रात्री झाकण मिटून ठेवला आणि सोमवारी सकाळी उघडला तर बॅटरी दोन-तीन टक्के उतरलेली असते आणि कर्सर जिथे होता तिथेच. ह्यात पंखाच नाही, त्यामुळे कॉलवर असताना आवाज येण्याचा प्रश्नच नाही. सलग अर्धा-पाऊण तास भारी काम दिलं तर पंखा नसल्यामुळे तो वेग कमी करतो हे खरं, पण व्हिडिओ कॉल आणि वर्ड हे भारी काम नव्हेच.

बॅटरीबद्दल एक सांगते, कारण सगळे तिथेच फसतात. ॲपल स्वतःच दोन आकडे देतं, व्हिडिओ बघताना १८ तास आणि वायफायवर वेब वापरताना १५. एम४ एअरची बॅटरी ५३.८ वॉट-अवरची आहे. भागाकार करा, १५ तास म्हणजे सरासरी ३.६ वॉट खर्च धरलाय, तोही साधारण अर्ध्या ब्राइटनेसला. व्हिडिओ कॉलमध्ये कॅमेरा, माइक, वायफाय, प्रोसेसर सगळं एकदम चालतं आणि खर्च त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो. म्हणून कुठल्याही कंपनीचा आकडा घ्या, खऱ्या कामाला तो अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत धरा. तरी एअर दिवस काढतोच, आणि हे मी रोज बघते. मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारा चार्जर) पण विसरू नका, वायरीत कुणाचा पाय अडकला तर वायर सुटते, लॅपटॉप खाली येत नाही. लहान मुलं आजूबाजूला असतील तर ह्याचं मोल कळतं.

कॅमेरा, माइक आणि स्पीकर ह्यात माझ्या मते एअर ह्या चारात पहिला. एम४ पासून १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा आलाय.

दोनपंख:
सरफेस लॅपटॉप ७ बद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाला वापरतोय २०२४ पासून. ३:२ स्क्रीन हा लिहिणाऱ्यांसाठी फार मोठा फायदा आहे, उंची जास्त असल्यामुळे वर्डमध्ये चार-पाच ओळी जास्त दिसतात, दिवसभर स्क्रोल कमी होतं. १२० हर्ट्झ असल्यामुळे स्क्रोल करताना अक्षरं फाटल्यासारखी वाटत नाहीत, एअर इथे अजून ६० वरच आहे. झोपणं-उठणं जवळजवळ मॅकसारखं.

पण एक नीट समजून घ्या, हा एआरएम प्रोसेसर आहे, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या रचनेचा. जुने विंडोज प्रोग्रॅम प्रिझम नावाच्या इम्युलेशनमधून चालतात आणि बहुतेक बरे चालतात. ड्रायव्हर मात्र इम्युलेट होत नाहीत. ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्याशी बोलतो, त्यामुळे तो एआरएमसाठी वेगळा लिहिलेलाच लागतो. जुना प्रिंटर, जुना स्कॅनर, सहीचं डाँगल, ऑफिसचं व्हीपीएन ह्यातलं काही असेल तर आधी त्या कंपनीच्या साइटवर एआरएम६४ ड्रायव्हर आहे का बघा, नसेल तर विषय तिथेच संपला.

निळीशाई:
बाप रे, दोन आठवड्यांच्या रिव्ह्यूंमध्ये कळलं नाही ते इथे कळतंय, खूप आभार. दोनपंख, माझ्याकडे एक फ्लॅटबेड स्कॅनर आहे दहा वर्षांपूर्वीचा, जुनी कागदपत्रं अनुवादाला येतात ती त्यावर घेते. आत्ताच साइट बघितली, शेवटचा ड्रायव्हर विंडोज १० चा, एआरएम कुठेच दिसत नाही. सरफेस गेला म्हणायचा.

खडूफळा, तुमचं वर्णन वाचून एअरकडे मन ओढतंय हे खरं. आणि झेनबुकच्या ओएलईडी स्क्रीनचं काय? दुकानात सगळ्यात सुंदर तोच दिसत होता.

पाचर:
मी लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात आहे, बरीच वर्षं झाली, त्यामुळे माझं बघणं थोडं वेगळं आहे. सहा-सात वर्षं वापरायचाय म्हणताय ना, मग पहिल्या दिवशी कसा वाटतो ह्यापेक्षा पाचव्या वर्षी आत काय बदलता येईल हे विचारा.

रॅम: तुमच्या यादीतल्या चारही मशीनमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. इंटेलच्या २०० व्ही मध्ये तर ती प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली आहे, १६ किंवा ३२ जीबी एवढेच दोन पर्याय. म्हणून आज जे घ्याल ते शेवटपर्यंत. तीस टॅब, मोठी वर्ड फाइल, वर कॉल असं चित्र असेल तर १६ आज पुरतील, पण सात वर्षांनी ब्राउझर किती खाईल ह्याचा विचार करून खिशाला झेपत असेल तर ३२ घ्या (मॅकवर २४ चाही पर्याय आहे). प्रोसेसरची वरची श्रेणी सोडा आणि ते पैसे रॅममध्ये घाला, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

एसएसडी (फाइली साठवायची डिस्क): एअरमध्ये बोर्डावरच सोल्डर केलेली, बाकी तिघांत एम.२ कार्ड, स्क्रू काढून बदलता येतं. हे फक्त जागा वाढवण्यापुरतं नाहीये. बोर्ड गेला, पाणी सांडलं, तर एम.२ कार्ड काढून दुसऱ्या मशीनला लावून डेटा वाचवता येतो (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की जपून ठेवलेली हवी). सोल्डर केलेल्यात बोर्ड मेला की डेटाही बहुधा गेला. एअर घेतलात तर मॅकच्याच टाइम मशीनचा बॅकअप पहिल्या दिवसापासून लावा, उद्यावर टाकू नका. माझ्यासमोर लोक रडलेत, आणि बहुतेक वेळा कामाच्या फाइलींसाठी नाही, घरातल्या फोटोंसाठी.

बॅटरी: ही सगळ्यांचीच झिजते. ॲपल त्यांच्या बॅटरीला १००० चार्ज सायकल धरतं. तुम्ही घरी मॉनिटरला जोडून दिवसभर चार्जिंगवर ठेवणार, ती सवय बॅटरीला सगळ्यात वाईट, कारण शंभर टक्क्यांवर गरम राहिली की लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. थिंकपॅड आणि झेनबुकमध्ये ८० टक्क्यांना थांबवायचं सेटिंग कंपनीच्याच ॲपमध्ये आहे, ते लावून टाका.

आता ओएलईडी. दिसतो सुंदर ह्यात वाद नाही, काळा रंग काळा दिसतो. पण तुमचं काम म्हणजे पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, दिवसभर. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून पांढरं पान म्हणजे सगळे ठिपके पेटलेले आणि बॅटरी जास्त खर्च. सिनेमा बघताना, डार्क मोडमध्ये उलट होतं. शिवाय बरेच ओएलईडी पॅनेल कमी ब्राइटनेसला उजेड कमी करण्याऐवजी भराभर चालू-बंद करतात, ते डोळ्याला दिसत नाही पण काही लोकांचं डोकं धरतं. सगळ्यांना होत नाही. तुम्हाला होतं का हे दुकानात पाच मिनिटं उभं राहून कळणार नाही, ब्राइटनेस पार खाली आणून वीस मिनिटं तरी वाचत बसावं लागेल. मोबाइल ओएलईडीवाला असेल आणि रात्री कमी उजेडात वाचताना डोळे दुखत असतील तर तीच खूण समजा.

रानवाट:
पाचर म्हणाले ते बॅटरीचं तंतोतंत. आणि ताई, अनुवादाचं ते ट्रेडॉस सॉफ्टवेअर वापरता का? ट्रेडॉस स्टुडिओ फक्त विंडोजवर चालतो, मॅकवर वापरायचा तर पॅरलल्समध्ये आख्खं विंडोज चालवावं लागतं, तेही एआरएमवालं. वर त्याचं लायसन्स वेगळं आणि रॅमचा मोठा वाटा तिकडे जातो.

दुसरं म्हणजे तुमचा मॉनिटर. २४ इंची फुल एचडीवर मॅकची अक्षरं थोडी पुसट दिसतात. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ॲपलने सबपिक्सेल स्मूदिंग (अक्षरांच्या कडा नितळ करायची युक्ती) काढून टाकलं, त्यांच्या दाट पिक्सेलच्या रेटिना स्क्रीनला त्याची गरजच नाही म्हणून. विंडोजमध्ये तेच काम करणारं क्लिअरटाइप अजून आहे, त्यामुळे तोच मॉनिटर विंडोजवर धारदार दिसतो. एअरचा स्वतःचा स्क्रीन फारच छान आहे, पण तुम्ही दिवसातले सहा तास मॉनिटरकडे बघणार.

खडूफळा:
मॉनिटरचं बरोबर आहे, मला स्वतःला तो बदलावा लागला आणि फोरके घेतल्यावर प्रश्न मिटला. पण एक मॉनिटर बदलता येतो, लॅपटॉपचा स्वभाव बदलता येत नाही. विंडोजवाल्यांनी झोपण्याबद्दल प्रामाणिकपणे सांगावं. माझ्या आधीच्या विंडोज लॅपटॉपने (कंपनी कुठली ते जाऊ दे) झाकण मिटून बॅगेत ठेवलेला असताना दोनदा दगा दिलाय, बाहेर काढला तर तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी संपलेली, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत माझं लेक्चर होतं. त्या दिवशी फळ्यावर खडूने शिकवलं आणि त्याच महिन्यात एअर घेतला.

पाचर:
ते मॉडर्न स्टँडबायमुळे. पूर्वी झाकण मिटलं की लॅपटॉप रॅम सोडून सगळं बंद करायचा, आता मोबाइलसारखा अर्धवट जागा राहतो, मेल आणि अपडेट घेतो. एखादा ड्रायव्हर नीट वागला नाही की तो झोपतच नाही. इंटेलच्या ह्या नव्या पिढीत हे पुष्कळ सुधारलंय, पण मी तरी विंडोजवाल्या प्रत्येकाला एकच सांगतो, पॉवर सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट लावा. उघडताना दहा-पंधरा सेकंद जास्त जातात, पण बॅगेत तापायचा प्रश्न मिटतो, कारण तेव्हा मशीन खरोखर बंद असतं.

निळीशाई:
आज तीन तास काढून दोन दुकानं फिरले. पेन ड्राइव्हवर माझीच २४० पानांची फाइल घेऊन गेले होते, आणि प्रत्येकावर तोच एक परिच्छेद पंधरा-पंधरा मिनिटं टाइप केला. दुकानातला मुलगा आधी बघत राहिला, मग त्यानेच खुर्ची आणून दिली.

एअर: हातात घेतल्यावर सोडवत नाही, एका बोटाने झाकण उघडतं आणि बूड हलत नाही. ट्रॅकपॅडला ह्यांच्यात जोड नाही. कीबोर्ड मला वाटला होता त्याहून बरा, पण दहा मिनिटांनी बोटांची टोकं जाणवायला लागली. पेन ड्राइव्ह लागलाच नाही, जुनं युएसबी नाही, तिथे अडॅप्टर मागावा लागला.

झेनबुक: स्क्रीन बघून अक्षरशः हरखले. मग पाचर म्हणाले तसा ब्राइटनेस खाली आणून वाचत बसले आणि वीस मिनिटांच्या आत कपाळ जड झालं. मोबाइलवर रात्री मला हेच होतं, कारण आत्ता कळलं. हा बाद.

एक्स१: दिसायला एकदम साधा, काळा, कुणी वळून बघणार नाही. उचलला आणि आत काही आहे की नाही असं वाटलं इतका हलका. कीबोर्डवर पंधरा मिनिटं झाली तरी मी थांबले नाही, पुढचा परिच्छेदही टाइप करून टाकला. पेन ड्राइव्ह थेट लागला, एचडीएमआयही आहे. झाकण उघडायला दोन्ही हात लागतात आणि स्पीकर एअरपुढे फिके, पण कॉल मी हेडफोनवरच घेते.

ट्रेडॉसचं मी आधी लिहायलाच विसरले होते, एका प्रकाशकाच्या कामाला तो लागतो, महिन्यातून चार-पाच दिवस. स्कॅनर आहेच, त्याचा इंटेलवरचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो असं ते मॉडेल वापरणाऱ्या दोघांनी कळवलंय. आणि खरं सांगायचं तर नवा मॉनिटर घ्यायची आत्ता इच्छा नाही. तेव्हा एक्स१, मॅट आयपीएस, ३२ जीबी, एसएसडी लहानच घेते, पुढे लागली तर बदलेन. खडूफळा, मॉनिटर आणि ट्रेडॉस नसते तर मी तुमचंच ऐकलं असतं.

खडूफळा:
अहो त्यात काय, स्वतः बसून टाइप करून ठरवलंत ना, मग योग्यच आहे. फक्त मूळ चार्जर घरी टेबलापाशीच राहू द्या आणि बॅगेसाठी ६५ वॉटचा छोटा गॅन चार्जर वेगळा घ्या, युएसबी-सीवाला. फोनही त्यावरच होतो. खांदा दुखतोय तर किलोभर लॅपटॉपबरोबर मोठा अडॅप्टर कशाला वाहायचा.

दोनपंख:
पॉवर बँकेचा विचार असेल तर विमानात १०० वॉट-अवरच्या आतली चालते, १०० ते १६० मधल्यांना आधी परवानगी लागते. वीस हजार एमएएचवाली साधारण ७४ वॉट-अवरची होते, तेवढी ठीक, फक्त ती ६५ वॉट बाहेर देते का ते बघून घ्या, सगळ्या देत नाहीत.

पाचर:
आला की परत करायची मुदत संपायच्या आत एवढं करा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा वॉलपेपर लावून मेलेला पिक्सेल आणि कडेने फुटणारा उजेड बघा. सगळे पोर्ट एकदा वापरा, दोन्ही युएसबी-सीवर चार्जिंग होतं का तेही. स्कॅनर जोडून एक पान घ्या. मॉनिटर लावून एक पूर्ण दिवस काम करा. आणि हायबरनेट लावायच्या आधी एक रात्र मुद्दाम स्लीपवर ठेवा, झोपताना किती टक्के होते ते लिहून ठेवा आणि सकाळचा आकडा इथे टाका. पाच-सात टक्क्यांपर्यंत उतरला असेल तर मशीन नीट झोपतंय, वीसच्या वर गेला तर बायॉस अपडेट करून पुन्हा बघू.